दुखणे थांबले म्हणजे पाय बरा झाला असे नाही

(जालना शहरात मधुमेह तपासणी शिबिराच्या सुरुवातीला केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना आलेली दखनी वाक्ये तशीच ठेवली आहेत.)



मंचावर दोन डॉक्टर बसलेले असताना माइक एका सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या हातात का दिला, असे काही जणांना वाटत असेल. कारण साधे आहे. डॉक्टरांना आज तपासायचे आहे आणि मला बोलण्याची सवय आहे. मी जे सांगणार आहे ते दोघांनी आधी वाचले आहे, दोन ठिकाणी लाल पेनाने दुरुस्तही केले आहे. त्यामुळे भाषा माझी आणि वैद्यक त्यांचे, असे समजा.

विषय शुगरचा आहे, पण मी मिठाईवर बोलणार नाही. ते तुम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता कोणी शीरखुर्म्याचे नाव काढले तरी लोक मान खाली घालतात. मला पायांवर बोलायचे आहे. शुगर असलेल्या माणसाच्या पायांत मुंग्या येतात, तळपाय जळतात, रात्री पोटऱ्या ओढल्यासारख्या होतात, चादरीचा स्पर्शही नको वाटतो. आपल्या घरांत हे सगळे एका वाक्यात सांगतात: ‘पाँव में आग लगे सरीखा होता.’ आणि काही वर्षांनी तीच व्यक्ती सांगते की आता काही होत नाही, आराम पडला. मला भीती वाटते ती या दुसऱ्या वाक्याची.

आपल्या गावात लोखंडाचे कारखाने आहेत, म्हणून तिथलेच उदाहरण देतो. भट्टीचे तापमान सांगणारा थर्मोकपल जळून गेला तर भट्टी थंड होत नाही. फक्त पडद्यावरचा आकडा खोटा होतो. अनुभवी फोरमन त्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही, भट्टीचा रंग डोळ्यांनी बघतो. शुगरने बधिर झालेल्या पायाचे तसेच आहे. दुखणे हा आकडा होता. तो शून्यावर आला, पण आत भट्टी पेटलेलीच आहे.

हे होते कसे, ते थोडक्यात सांगतो. पायाच्या अंगठ्यातून संवेदना नेणारी नस कमरेजवळच्या मणक्यापर्यंत जाते. उंच माणसात ती जवळपास एक मीटर भरते. त्या पेशीचे मुख्य शरीर वर मणक्याजवळ असते आणि तिथून एवढ्या लांबपर्यंत खुराक पोचवावा लागतो. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात आणि खुद्द नसेच्या आतले कामही बिघडते. आपल्याकडे वीज कमी दाबाने आली की लाइनीच्या शेवटच्या शेतातली मोटार आधी बसते. तसा सगळ्यात लांब टोकाला, म्हणजे बोटांच्या शेंड्याला, त्रास आधी होतो. मग तो दोन्ही पायांत सारखा वर चढतो, मोजा चढवावा तसा.

स्पर्श सांगणाऱ्या नसांबरोबर आणखी दोन प्रकारच्या नसा मरतात, हे मला स्वतःला उशिरा कळले. घाम आणणाऱ्या नसा गेल्या की पाय कोरडा पडतो, टाचांना खोल भेगा पडतात आणि त्या भेगांतून जंतू आत शिरतात. पंज्याचे बारीक स्नायू हलवणाऱ्या नसा गेल्या की बोटे आकड्यासारखी वाकतात आणि शरीराचा भार तळव्यातल्या एकाच हाडावर येतो. तिथे आधी घट्टा पडतो, मग घट्ट्याच्या आत फोड होतो. वरून दिसतो तो कडक कातडीचा निरुपद्रवी गोल. आत जखम पिकत असते, आणि तो माणूस त्याच पायावर बाजार करून येतो.

जिल्ह्यात असे किती लोक असतील? मी हिशोब करून बघितला. हा माझा हिशोब आहे, सर्वेक्षण नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचा पहिला टप्पा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात महाराष्ट्र होता. वीस वर्षांवरच्या लोकांमध्ये शहरात 10.9 टक्के आणि खेड्यांत 6.5 टक्के मधुमेह सापडला. 2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या 19 लाख 59 हजार, त्यातली पाचातली चार माणसे खेड्यात. गुणाकार केला की आकडा ऐंशी हजारांच्या आसपास येतो. हा पंधरा वर्षांपूर्वीचा. याच पाहणीचा देशभराचा अहवाल 2023 मध्ये आला, त्यात देशातले मधुमेही दहा कोटींच्या पुढे गेले होते, तेव्हा आपलाही आकडा जागेवर राहिलेला नसणार. मधुमेह असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांच्या नसा आयुष्यात कधी ना कधी बिघडतात. आणि ज्यांच्या बिघडतात त्यांच्यापैकी निम्म्यांपर्यंत लोकांना काहीच जाणवत नाही, मुंग्याही नाहीत. म्हणून ‘मला तर काही त्रास नाही’ असे म्हणणाऱ्यांनीच आज रांगेत पुढे उभे राहावे.

कोणी म्हणेल, मी अंगाने काटकुळा, मला कशाची शुगर? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचा आणि आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. उंचीच्या मानाने वजन दोघांचे तंतोतंत सारखे, बीएमआय 22.3. चरबी मोजली तर इंग्रजाच्या अंगात 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. तेव्हा आरशात बघून शुगर ठरवू नका.

आता माझ्या मामूंचे सांगतो. ते रोलिंग मिलमध्ये होते. शुगर बारा वर्षांची, गोळ्या कधी सुरू कधी बंद. एके दिवशी पाळी संपवून घरी आले, बूट काढला आणि माझ्या मामेबहिणीला फरशीवर रक्ताचा ठसा दिसला. पत्र्याचा एक तुकडा बुटाचा तळवा फोडून आत आला होता आणि मामू त्याच्यावर आठ तास उभे होते. ते हसत म्हणाले, ‘मालूमइच नै पडा.’ त्यांना ती गंमत वाटली. हळद-चुना लावला. मग बाजारात बसणाऱ्या एकाकडून मलम आणले, जो शुगर मुळापासून काढतो असे ओरडून सांगायचा. बाराव्या दिवशी पाय काळा पडला, ताप चढला. छत्रपती संभाजीनगरला नेले, तेव्हा प्रश्न पाय वाचवायचा राहिला नव्हता, मामू वाचवायचे होते. गुडघ्याखाली पाय गेला. वय एकावन्न. त्यानंतर मामींनी शिवणकाम धरले आणि धाकट्याने अकरावी सोडली. पाय एकाचा जातो आणि लंगडते सगळे घर, हे मी तेव्हा बघितले.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. पाय जळतात म्हणून मामू त्याआधी तीन वर्षे एका दवाखान्यात जात होते. दर महिन्याला ‘नसेचे इंजेक्शन’ घेत होते आणि पैसे देत होते. त्या तीन वर्षांत एकदाही कोणी त्यांना बूट काढायला सांगितले नाही. तो दवाखाना कुठला हे सांगून काही मिळणार नाही, कारण असे दवाखाने गल्लोगल्ली आहेत. आपणही जातो ते सुई टोचून घ्यायला. डॉक्टरने इंजेक्शन न देता पाय बघितले तर बाहेर येऊन म्हणतो, कुछ दियाच नै.

जगात जिथे जिथे मोजले तिथे एकच दिसले. मधुमेहामुळे कापाव्या लागलेल्या दर शंभर पायांपैकी सुमारे पंचाऐंशी पायांची सुरुवात एका जखमेने झालेली असते. म्हणजे मधे वेळ असतो. जखम दिसणे आणि पाय जाणे यांच्यामध्ये दिवस असतात, पुष्कळदा आठवडे असतात.

हे शहाणपण शुगरच्या आधी कुष्ठरोगातून आले. डॉ. पॉल ब्रँड नावाचे इंग्रज सर्जन 1946 मध्ये तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. तेव्हा सगळ्यांची समजूत अशी की कुष्ठरोगात हातपाय आपोआप झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिले की मांस झडत नाही. वेदना गेल्यामुळे माणूस स्वतःच्या नकळत ते भाजतो, कापतो, घासतो. काही रुग्णांची बोटे रात्रीत कमी कशी होतात, हे शोधायला पहारा ठेवला तर निघाले उंदीर. झोपलेल्या माणसाची बधिर बोटे उंदीर कुरतडत होते आणि त्याला जाग येत नव्हती. त्यावर त्यांनी इलाज केला तो असा, घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर मांजर द्यायचे. हसू नका. आपल्या खेड्यांत धान्याची पोती ज्या खोलीत, त्याच खोलीत म्हातारी माणसे झोपतात. मधुमेहाच्या रुग्णांची बोटे उंदरांनी कुरतडल्याचे भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. त्याच वेल्लोरमध्ये मऊ रबराची, एमसीआरची चप्पल तयार झाली, जिच्यात तळव्यावरचा भार वाटला जातो. पुढे ब्रँड अमेरिकेत गेले आणि तेच तंत्र मधुमेहाच्या पायांना लावले. आपल्याकडे मात्र ही चप्पल घालायला लोक लाजत, कारण बघणाऱ्याला वाटे की याला महारोग झाला. आता ती निरनिराळ्या रंगांत, नेहमीच्या सँडलसारखी मिळते. लाज सोडा आणि घ्या. मागे पट्टा असलेली घ्या. अंगठ्यात अडकवायची चप्पल बधिर पायातून कधी निसटते ते कळत नाही, आणि तिचा अंगठा बोटांच्या बेचक्यात घासतो तेही कळत नाही. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरे माप मिळते.

नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियातले डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी वीसेक वर्षांपूर्वी या विषयावर एक कार्यक्रम चालवला. त्यात डॉक्टर आणि त्याच्याबरोबरची नर्स किंवा सहायक, अशा जोडीला पाय बघायला शिकवत. मला जोडीची ही कल्पना फार आवडते. डॉक्टर घाईत असतो. मोजे काढायला सांगते ती नर्स. सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरांत तीस वर्षांवरच्या माणसाची शुगर आणि रक्तदाब मोफत तपासतात, आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. तिथे गेलात तर बोट पुढे करा आणि त्याबरोबर पायही पुढे करा. ‘माझे पाय बघा’ एवढे वाक्य तोंडाने म्हणावे लागते, न मागता क्वचित मिळते.

पाय तपासायला मशीन लागत नाही. डॉक्टर दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा टेकवतात, ट्यूनिंग फोर्क हाडावर ठेवतात. घरी करायची याहून सोपी चाचणी इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी 2011 मध्ये मांडली. ज्याचे पाय तपासायचे त्याने डोळे मिटून आडवे व्हावे. दुसऱ्याने तर्जनीच्या टोकाने पायाच्या बोटाच्या शेंड्याला अगदी हलका स्पर्श करावा, एक-दोन सेकंद. दाबायचे नाही, टोचायचे नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजव्या आणि डाव्या पायाचे मधले बोट. स्पर्श कळला की त्याने उजवा की डावा ते सांगायचे. कळला नाही तर पुन्हा करून बघायचे नाही. आपल्या लोकांना नापास व्हायला आवडत नाही, म्हणून ‘अब की बार बोल’ म्हणत चारदा हात लावतात! सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही तर नसा बिघडल्या आहेत असे धरायचे आणि डॉक्टरांकडे जायचे.

माझ्या अम्मीला सहापैकी चारच कळले. ती आज इथे बसली आहे आणि तिच्या परवानगीने सांगतो. तिने जन्मभर शिवणयंत्र पायाने चालवले. दोन वर्षांपूर्वी तळपाय इतके जळायचे की रात्री मेंदी लावून बसायची. मग जळणे थांबले आणि तिने शेजारच्या खालांना सांगितले की मेंदीने बरे झाले. मेंदीबद्दल एवढेच सांगतो: थंड वाटते हे खरे, पण नस दुरुस्त होत नाही, आणि तळव्याचा रंग झाकला जातो. लालसरपणा, काळेपणा हीच तर बघायची खूण, ती मेंदीखाली दिसत नाही. बाजारातल्या काळ्या मेंदीत केमिकल असते, बधिर कातडी त्याने भाजली तरी कळणार नाही.

अम्मीच्या तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली. ती अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेते. औषध चांगले आहे, स्वस्त आहे, माझे ऐकून कोणी बंद करू नका. पण ते खूप वर्षे घेतले की काही जणांच्या शरीरात बी-12 जीवनसत्त्व कमी होते, आणि बी-12 कमी झाले तरीही पायांत मुंग्या येतात, बधिरपणा येतो. आपण तर गोश्त खातो, आपल्याला काय कमी, असे अब्बा म्हणाले. गोश्त घरात येते किती वेळा, आणि आले तर बाईच्या ताटात शेवटी उरते काय? रस्सा. अम्मीचे बी-12 मोजले, कमी निघाले, आता उपचार सुरू आहे. मेटफॉर्मिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना हा एक प्रश्न जरूर विचारावा. मात्र न मोजता वर्षानुवर्षे ताकदीची इंजेक्शने टोचून घेणे वेगळे, त्यावर माझा भरवसा नाही.

प्रत्येक पायदुखी शुगरची नसते, हेही सांगायला हवे. चालताना पोटरी दुखते, थांबले की दोन मिनिटांत बरी होते, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा दुखते, तर रक्तवाहिनी चोंदली असू शकते. बिडी, गुटखा, तंबाखूवाल्यांनी हे विशेष ऐकावे. नसेचे दुखणे उलट, बसल्या-झोपल्या जास्त, रात्री जास्त. एकाच पायात कमरेपासून कळ खाली येते तेव्हा मणका बघावा लागतो. पाय लाल, गरम आणि सुजलेला आहे पण दुखत नाही, तर त्या पायावर एक पाऊलही न टाकता डॉक्टरांकडे जा, कारण आत हाडे मोडत असू शकतात. आणि नसेच्या आगीवर औषधे आहेत, प्रेगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी. ती दुखणे कमी करतात, झोप लागू देतात. मेलेली नस जिवंत करत नाहीत. नस वाचवायची तर शुगर ताब्यात ठेवणे, दुसरा रस्ता कोणाकडे नाही, टीव्हीवरच्या त्या दाढीवाल्याकडेही नाही.

आता आपल्या रोजच्या सवयींकडे येतो. वुजूत पाय दिवसातून पाच वेळा धुतले जातात. जगातल्या कुठल्याही डॉक्टरने मधुमेहीला पाच वेळा पाय बघायला सांगितलेले नाही, आपल्याकडे ती सोय आयती आहे. बोटांच्या फटींत करंगळी फिरवतात, खिलाल करतात, तेव्हा जीव लावून फिरवा. कातडी फाटली आहे का, चिकट लागते का, वास येतो का. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा नातवाला बघायला सांगा. चूक होते ती त्यानंतर. पाय तसेच ओले मोज्यात जातात, फटींत बुरशी धरते. एक जुना सुती कपडा खिशात ठेवा, प्रत्येक फट कोरडी करा, तेल किंवा क्रीम टाचेला लावा पण फटीत नको. थंडीत गीझरचे पाणी आधी कोपराने बघा. बधिर पायाला उकळते पाणीही कोमट वाटते.

मशीद कमिट्यांची माणसे इथे आहेत म्हणून बोलतो. चपला काढायची जागा आणि वुजूखाना यांच्यामध्ये उन्हात तापलेली फरशी असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो. त्या दहा पावलांत बधिर तळव्याला फोड येतो आणि नमाजीला पत्ता लागत नाही. चटई अंथरा, वर पत्रा टाका, रबरी चपलांच्या दहा जोड्या ठेवा. झुंबराला खर्च केला त्याच्या शंभराव्या हिश्श्यात हे होते.

शेतात जाणाऱ्यांचे संकट वेगळे. कापूस उपटल्यावर पऱ्हाटीचे खुंट राहतात, ते चप्पल फोडून आत जातात. रात्रीच्या लाइटीवर मोसंबीला पाणी द्यायला अनवाणी जाणारे किती तरी. गम बूट घाला, आणि घालण्याआधी उलटा करून झटका, आत हात फिरवा. मोटारसायकलच्या सायलेन्सरपासून पाय लांब. कुरूप ब्लेडने कापू नका, मेडिकलमधली कुरूपाची पट्टी लावू नका, तिच्यात ॲसिड असते.

बायकांबद्दल शेवटी बोलतो, म्हणजे लक्षात राहील. पुरुषाच्या पायाला जखम झाली तर बाई बघते. बाईच्या पायाला झाली तर कोण बघते? ती चुलीपुढे अनवाणी, तव्यावरचे तेल पायावर उडते, झाडताना काच लागते. दवाखान्यात परक्या डॉक्टरपुढे पाय उघडायला तिला संकोच, आणि घेऊन जायला कोणाला वेळ नाही. आज आतल्या खोलीत पडद्यामागे महिला डॉक्टर आहेत. नवऱ्यांनी, मुलांनी आपल्या घरातल्या बाईचा नंबर स्वतःच्या आधी लावावा, अशी माझी विनंती आहे.

पुरुषांचे टेबल दाराजवळ आहे. डाव्या बाजूला पाण्याची बादली आणि टॉवेल आहेत. बूट-मोजे आत्ताच काढा, गोळ्यांची पाकिटे बरोबर आणली असतील तर हातात ठेवा. कोणाच्या पायाला आत्ता या घडीला जखम असेल, छोटी का असेना, त्याने रांगेत थांबू नये, सरळ पुढे यावे.